चाळीस दिवसांचे व्रत : रिते होण्यातील आनंद

माघ सरतो, महाशिवरात्रीचा उपवास सुटतो आणि होळीच्या लाकडांची जमवाजमव सुरू होते, त्याच सुमारास आम्हां कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांतही एका दीर्घ व्रताची चाहूल लागते. हे व्रत चाळीस दिवसांचे. मराठीत आम्ही त्याला उपवासकाल म्हणतो. इंग्रजीत त्याचे नाव लेंट. गोव्याच्या कार्निव्हलमधील मिरवणुका आणि रंगीबेरंगी चित्ररथ आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु तो गाजावाजा संपताच, दुसऱ्याच दिवशी, बुधवारी चर्चमध्ये जाऊन कपाळी राख लावून घेणारी माणसे शेजारी राहत असूनही फारशी कोणाच्या नजरेत भरत नाहीत. उत्सव रस्त्यावरून जातो, व्रत मात्र घरात राहते. त्या घरातल्या व्रताविषयी, आणि ते खिन्न मनाने न पाळता प्रसन्न मनाने कसे आचरावे ह्याविषयी, आज चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हांला वाटते.

चंद्राच्या गतीने चालणारे व्रत

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, म्हणून ख्रिस्ती सण इंग्रजी तारखेने चालतात असा सर्वसाधारण समज आहे. उपवासकालाचे मात्र तसे नाही. त्याची सांगता ज्या पुनरुत्थानाच्या सणाने, म्हणजे ईस्टरने होते, तो सण चंद्राच्या कलांवर अवलंबून असतो. सर्व ख्रिस्ती जनांनी तो एकाच रविवारी पाळावा, असा निर्णय ३२५ साली निकीया येथील धर्मसभेने दिला. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा पहिला रविवार, हा त्याचा रूढ नियम आहे. त्या रविवारापासून ४६ दिवस मागे गेले की राखेचा बुधवार येतो. ह्या ४६ दिवसांत सहा रविवार असतात. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. ते वजा केले की बरोबर चाळीस दिवस उरतात.

ह्या गणिताचा परिणाम असा, की बहुतेक वर्षी राखेचा बुधवार महाशिवरात्रीनंतर आठवडाभरातच येतो. २०२२ साली महाशिवरात्र १ मार्चला होती आणि राखेचा बुधवार २ मार्चला; २०२६ साली त्या तारखा अनुक्रमे १५ आणि १८ फेब्रुवारी अशा होत्या, तर हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला होता. काही वर्षी महिन्याचे अंतर पडते हे खरे. तथापि सामान्यतः फाल्गुन शुद्ध पक्षापासून चैत्री पौर्णिमेपर्यंतचा काळ हाच आमच्या व्रताचाही काळ होय. झाडांची जुनी पाने गळावीत, पळस फुलावा आणि आंब्याला कोवळी पालवी दिसू लागावी, असा हा ऋतू. ‘लेंट’ हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचा अर्थही वसंत ऋतू असाच आहे. दिवस मोठा होत जाण्याचा भाव त्यात आहे. ज्या व्रताचे नावच वसंताचे, ते मुळात सुतकासारखे कसे असेल?

राखेचा टिळा आणि जांभळी वस्त्रे

व्रताचा आरंभ राखेने होतो. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी भाविकांनी हाती धरलेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात. त्या जाळून ही राख करतात. धर्मगुरू ती कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात, अथवा मस्तकावर टाकतात. माणूस मातीतून आला आणि एक दिवस मातीतच मिळणार आहे, ह्याचे स्मरण ते करून देतात. किंवा मन पालटून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचे आवाहन करतात. ज्या झावळ्यांनी जयजयकार केला त्यांचीच राख व्हावी, ह्यात मानवी वैभवाविषयीचा केवढा बोध आहे! भस्माचा अर्थ जाणणाऱ्या वाचकांना तो अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

ह्या काळात धर्मगुरूंची उपासनेची वस्त्रे जांभळी असतात. वेदीवर फुलांची आरास नसते. ‘आलेलुया’ हा हर्षोद्गार, जो एरवी दर रविवारी गायिला जातो, तो चाळीस दिवस ओठांवर येत नाही. चौथ्या रविवारी मात्र जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा आहे. त्या रविवारचे परंपरागत नावच ‘आनंद करा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. निम्मी वाट सरली, आता थकू नका, असे जणू धर्ममाता आपल्या लेकरांना सांगते.

बंदीची यादी नव्हे

असे असूनही, पुष्कळ घरांत उपवासकालाची ओळख मुलांना होते ती एका बंदीच्या यादीने. हे खायचे नाही, तिथे जायचे नाही, लग्न नाही, वाजंत्री नाही. यादी पाळली की व्रत झाले आणि ईस्टर उजाडला की सगळे पूर्ववत, अशी समजूत मग वाढत्या वयाबरोबर पक्की होते. पुढे शिक्षण आणि नोकरीनिमित्त घराबाहेर पडलेला तरुण ती यादी सोडून देतो, आणि तिच्याबरोबर व्रतही सोडून देतो. ह्यात त्या तरुणाचा दोष थोडा. ज्या व्रताचा आनंद त्याला कोणी दाखविलाच नाही, ते त्याने का धरून ठेवावे? आज हा प्रश्न घरोघरी उभा आहे, आणि तो केवळ ख्रिस्ती घरांपुरता आहे असेही नाही.

वास्तविक चर्चच्या नियमांत सक्ती फार थोडी आहे. पोप सहावे पॉल ह्यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या आज्ञापत्राने पूर्वीचे कडक नियम पुष्कळ सौम्य झाले. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे. त्या दिवशी एकदाच पूर्ण जेवण करावे, सकाळ-संध्याकाळी थोडेसे घ्यावे. हा नियम वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीत पदार्पण करणाऱ्यांपर्यंत लागू आहे. हे दोन दिवस आणि उपवासकालातील इतर शुक्रवारी १४ वर्षांवरील सर्वांनी मांस वर्ज्य करावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. देशोदेशीच्या धर्माध्यक्षांच्या मंडळांना त्यात स्थानिक स्थितीनुसार बदल करण्याचा अधिकार आहे. आजारी माणसे, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता ह्यांनी उपवासाचा अट्टाहास करू नये.

बाकी सारे चर्चने आमच्यावर सोपविले आहे. नियम सौम्य केले ते व्रत हलके व्हावे म्हणून नव्हे, तर ते प्रत्येकाने आपण होऊन उचलावे म्हणून. उपासनेच्या प्रार्थनांतही हा काळ ईश्वराची देणगी म्हणून वर्णिलेला आहे, आणि शुद्ध झालेल्या अंतःकरणाने, हर्षभरित होऊन ईस्टरची वाट पाहण्यास सांगितले आहे. उपवास ह्या आपल्या शब्दाचा अर्थही जवळ राहणे असाच नाही काय? ज्याच्या जवळ राहावयाचे, त्याच्यासाठी जागा मोकळी करावी लागते. भरलेल्या घागरीत पाणी ओतता येत नाही. रिते होणे हे उणे होणे नव्हे. ते येणाऱ्यासाठी जागा करून ठेवणे आहे.

अंत्युखियातील तीन संकल्प

ह्या संदर्भात ३८७ सालची एक घटना आठवण्याजोगी आहे. अंत्युखिया हे रोमन साम्राज्याचे पूर्वेकडील मोठे नगर. उपवासकाल तोंडावर आला असताना तेथे नव्या कराची वार्ता आली. संतप्त जमावाने सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या दिवंगत राणीचे पुतळे फोडले. राजद्रोहाचा तो गुन्हा! सारे नगर भीतीने गारठून गेले. सम्राट नगराचा नाश करील अशी धास्ती पसरली. वृद्ध धर्माध्यक्ष फ्लेव्हियन आपल्या मरणासन्न बहिणीला मागे ठेवून क्षमायाचनेसाठी दूरच्या राजधानीकडे निघाले. मागे राहिलेल्या, जिवाच्या भयाने चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना धीर देण्याचे काम एका धर्मगुरूवर येऊन पडले. त्यांचे नाव योहान. पुढे त्यांच्या वाणीवरून जगाने त्यांना ‘सुवर्णमुखी’ म्हटले.

योहानांनी त्या चाळीस दिवसांत लोकांना काय सांगितले असेल? अधिक कडक उपास करा, असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी सांगितले, की केवळ तोंडाने उपवास करू नका. डोळ्यांनी, कानांनी, हातांनी आणि पायांनीही करा. पक्ष्याचे आणि माशाचे मांस वर्ज्य करून भावाचे लचके तोडणाऱ्याच्या उपवासाला काय अर्थ, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि मग त्यांनी तीनच गोष्टी मागितल्या. कोणाविषयी वाईट बोलू नका. कोणाला शत्रू मानू नका. आणि उठल्यासुटल्या शपथा वाहण्याची खोड टाका. चाळीस दिवसांत तीन संकल्प, एवढेच.

ज्या नगराला स्वतः क्षमा हवी होती, त्या नगराला त्यांनी आधी क्षमा करावयास शिकविले. पुढे सम्राटाने क्षमा केली, आणि ती आनंदवार्ता घेऊन फ्लेव्हियन ईस्टरच्या आधी परत आले. सोळा शतकांहून अधिक काळ लोटला, परंतु योहानांच्या त्या तीन मागण्या जुन्या झालेल्या नाहीत. शेताच्या बांधावरून दोन भावांच्या घरांत वर्षानुवर्षे बोलणे बंद असते. त्यांतील एक भाऊ चाळीस दिवस मांसाला शिवत नाही, परंतु भावाच्या ओटीवर पाऊल टाकीत नाही. ह्याला उपवास म्हणावे काय? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण केवळ ताटापुरती नाही. जिभेला अन्नापासून आवरून निंदेत मोकळी सोडणाऱ्यालाही ती लागू पडते.

संत बेनेदिक्तांची शिकवण

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेदिक्त ह्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत उपवासकालावर एक छोटेसे प्रकरण आहे. मठवासीयाचे सारे जीवनच उपवासकालासारखे असावयास हवे, परंतु एवढे बळ थोड्यांच्या अंगी असते, हे ते मोकळेपणी मान्य करतात. म्हणून निदान ह्या दिवसांत प्रत्येकाने नेहमीच्या सेवेत आपण होऊन काही भर घालावी. थोडे अन्न, थोडी झोप, थोडे बोलणे, थोडी थट्टामस्करी कमी करावी, आणि हे सर्व पवित्र आत्म्याच्या आनंदात करावे, असे ते सांगतात. एवढ्या लहानशा प्रकरणात आनंद हा शब्द दोनदा येतो, हे विशेष.

त्यांनी दोन सूचना आणखी केल्या आहेत. पहिली अशी, की कोणी काय सोडणार हे मठाधिपतींना विचारून ठरवावे; गुरूच्या अनुमतीवाचून केलेल्या तपाचे रूपांतर अहंकारात होते. दुसरी अशी, की उपवासकालाच्या आरंभी प्रत्येकाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढावा. म्हणजे एका हाताने काही सोडावयाचे आणि दुसऱ्या हाताने काही घ्यावयाचे. श्रावणात अथवा चातुर्मासात पोथी लावणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटणार नाही.

मराठी ख्रिस्ती घरात ह्या काळात बायबलमधील एखादे शुभवर्तमान रोज थोडे थोडे वाचावे. ज्यांना जुन्या मराठीची गोडी आहे, त्यांच्यासाठी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण आहे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत ख्रिस्तकथा गायिली. १६१६ साली ती गोव्यातील राचोल येथे छापली गेली. परदेशातून आलेल्या माणसाने प्रभूच्या दुःखसहनाची कथा ओवीत सांगावी, आणि ओवी ज्यांच्या रक्तात आहे त्यांनीच ती वाचू नये, हे बरे नव्हे.

वाचलेला घास कोणाचा?

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे उपवासकालाचे तीन आधार. पाचव्या शतकातील धर्माध्यक्ष पेत्र क्रिसोलोगस ह्यांची शिकवण अशी, की ही तिन्ही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. उपवास हा प्रार्थनेचा प्राण आणि दया हा उपवासाचा प्राण. अन्न टाळून वाचलेला पैसा पुन्हा आपल्याच गाठीस राहिला, तर ते व्रत नसून काटकसर झाली. वाचलेला घास भुकेल्याच्या मुखी जावा, तेव्हाच उपवास पुरा होतो. यशया संदेष्ट्यानेही येशूच्या कित्येक शतके आधी हेच बजाविले होते, की अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, हाच ईश्वराला आवडणारा उपवास.

ह्या शिकवणीतून आधुनिक काळात मोठी कार्ये उभी राहिली आहेत. जर्मनीतील धर्माध्यक्षांनी, कार्डिनल फ्रिंग्स ह्यांच्या प्रेरणेने, १९५८ साली मिझेरिओर ही संस्था स्थापिली, आणि युद्धातून नुकत्याच सावरलेल्या त्या देशातील भाविक उपवासकालात जगातील भुकेल्यांसाठी दान देऊ लागले. मध्ययुगात उपवासकालात वेदीपुढे चित्रांकित पडदा टांगण्याची प्रथा होती. तिचे ह्या संस्थेने १९७६ साली पुनरुज्जीवन केले. त्या पहिल्या पडद्यावरील चित्रे काढली ती भारतीय चित्रकार ज्योती साही ह्यांनी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे १९७५ साली एक साधी कल्पना निघाली. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पेटी ठेवावयाची, साधे जेवून वाचलेले पैसे तीत टाकावयाचे. ‘राइस बोल’ ह्या नावाने ती देशभर पसरली. आपल्याकडेही १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही संस्था उपवासकालात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालविते.

घराघरांतून काय करावे?

मोठ्या संस्थांचे कार्य वंदनीय खरे, परंतु व्रताचा उगम घरातच झाला पाहिजे. ह्यासाठी चार साध्या गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो.

पहिली : राखेच्या बुधवारी संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे आणि प्रत्येकाने एकच संकल्प करावा. दहा संकल्प चार दिवसांत मोडतात, एक चाळीस दिवस टिकतो. मुलांवर संकल्प लादू नये. त्यांना निवडू द्यावा. काय सोडणार एवढेच न विचारता, त्या जागी काय आणणार हेही विचारावे. मोबाइलचा एक तास सोडला, तर तो तास आजोबांजवळ बसण्यात जावा.

दुसरी : घरात एक डबा ठेवावा. ज्या दिवशी साधे जेवण, त्या दिवशी वाचलेली रक्कम त्यात पडावी. ती कोणाला द्यावयाची हे मुलांच्या देखत ठरावे, परंतु दिल्याची वाच्यता कोठे होऊ नये. उपवास करताना चेहरा उदास करू नका, तोंड धुऊन व मस्तकाला तेल लावून बाहेर पडा, आणि उजव्या हाताचे दान डाव्यालाही कळू देऊ नका, अशी प्रत्यक्ष येशूचीच शिकवण आहे. राखेच्या बुधवारी हाच उतारा चर्चमध्ये वाचला जातो.

तिसरी : शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जावे. येशूच्या अखेरच्या प्रवासातील चौदा स्थानांपुढे थांबत, प्रार्थना करीत ही वाट चालावयाची असते. त्या वाटेवर प्रभूला भेटलेली माता आहे, त्याच्या क्रुसाला खांदा देणारा वाटसरू शिमोन आहे, परंपरेने सांगितलेली, त्याचा चेहरा पुसणारी वेरोनिका आहे. दुःख पाहून रडणे एवढेच ह्या भक्तीचे प्रयोजन नाही. आपल्या गल्लीत आज क्रूस कोण वाहतो आहे, आणि आपण त्याचा शिमोन होणार की नुसते बघे, हा प्रश्न घेऊन घरी परतावे.

चौथी आणि सर्वांत कठीण : ईस्टरपूर्वी पापनिवेदनाला जावे, आणि त्याआधी ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी जावे. पहिला शब्द आपण बोलावा. समोरच्याने दार लावून घेतले, तरी आपले पाऊल वाया जात नाही.

घंटा पुन्हा वाजते

अशा तऱ्हेने चाळीस दिवस चाललेल्या माणसाला पवित्र आठवडा निराळाच भासतो. गुरुवारी संध्याकाळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतल्याचे स्मरण म्हणून धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्याच दिवशी रोममधील तरुण कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले; त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही होते. जगातील सर्वोच्च धर्मपीठावरील माणूस बंदिवानापुढे गुडघे टेकतो, तेव्हा रिते होणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

गुरुवारच्या त्या उपासनेत वाजलेली घंटा नंतर मुकी होते. गोव्यात तिच्या जागी ‘मात्राक’ हे लाकडी वाद्य खडखडते. शुक्रवारी वेदी उघडी, ओकी असते. आणि शनिवारी रात्री, काळोखात, चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो. त्यावर एक मोठी मेणबत्ती लावली जाते, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि पाहता पाहता हातोहाती गेलेल्या ज्योतींनी सारे मंदिर उजळते. चाळीस दिवस न उच्चारलेला ‘आलेलुया’ कंठाकंठांतून उसळतो, घंटा निनादू लागतात.

ज्याने काहीच सोडले नाही, त्यालाही त्या घंटा ऐकू येतात. परंतु ज्याने एक घास, एक कटू शब्द, एक जुने वैर सोडून अंतःकरणात जागा केली आहे, त्याच्या आत त्या घुमतात. व्रत कोणत्याही धर्माचे असो, ते देह सुकविण्यासाठी नसून मन मोकळे करण्यासाठी असते. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरात पुढील वर्षी कपाळी राख लावलेले कोणी दिसले, तर त्याला हे चाळीस दिवस सुखाचे जावोत, असा एक शब्द अवश्य द्यावा. व्रतस्थाला व्रतस्थाच्या शुभेच्छेएवढे दुसरे बळ नाही.